आमच्या विहिरीतले मासे

आमच्या घरात मासा कुणी खात नाही, पण विहिरीत मात्र मासे हवेतच. लग्न होऊन तिरुवैयारूला आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी विहीर दाखवली. "अंबुजा, मासे पळताहेत तोवर हे पाणी डोळे मिटून प्यायचं," म्हणाल्या. पुढं गल्लीतल्या सगळ्यांनी कॅनचं पाणी घ्यायला सुरुवात केली. मी नाही घेतलं. प्लास्टिकच्या डब्यातलं शिळं पाणी विकत आणून पिऊ? मला काय वेड लागलंय?

माझी लेक भुवना वळैकाप्पू, म्हणजे बांगड्या भरायचं डोहाळजेवण झाल्यावर, हातभर काचेच्या बांगड्या घालून बाळंतपणाला आली. तिच्या नवऱ्यानं, सतीशकुमारनं, दारात कॅन उतरवले. ते मी तसेच परत पाठवले. "हे तुमच्या चेन्नईलाच ठेवा," म्हटलं. बिचारा नुसता हसला.

मग लावण्या आली. ही माझ्या भावाची मुलगी, तंजावूरच्या कॉलेजात माशांवर संशोधन करते. आमच्या कालव्याच्या वरच्या अंगाला भांड्यांना अन् दिव्यांना मुलामा देणाऱ्या शेड झाल्यात. त्यांचं घाण पाणी कालव्यात उतरतं. त्यानं माशांच्या रक्तात काय बिघडतं, ते ती बघत होती. ताडून बघायला तिला चांगल्या पाण्यातले मासे हवे होते.

"मग उन्हातान्हात कशाला फिरतेस गं? माझ्या विहिरीतले ने," मी म्हटलं. छाती काय फुगली होती माझी! "पण मारायचे नाहीत हं. जसे नेशील तसे आणून सोड."

तिनं कबूल केलं. शेपटीजवळ सुई टोचून थेंबभर रक्त घेतात, म्हणाली.

काल दुपारी ती नेलेले मासे बादलीत घालून परत आली. मासे धडधाकट होते, उड्या मारत होते. पोरीचं तोंड मात्र उतरलं होतं. मी कॉफी पुढं केली. तिनं ती हातात धरली आणि विचारलं, "आत्या, ही कुठल्या पाण्याची?"

"विहिरीच्याच की," म्हटलं, तशी तिनं ती न पिताच खाली ठेवली.

मग तिनं हळूहळू सांगितलं. कालव्यातल्या माशांत दिसलं, तेच आमच्या माशांत होतं. रक्ताच्या पेशीत एक गाभा असतो, आईबापांकडून आलेलं सगळं त्यात असतं. तो गाभा तुटून बाजूला बारीक तुकडे पडलेत. विहिरीचं पाणीही तिनं तपासून घेतलं होतं. त्यात शिसं निघालं, क्रोमियम निघालं. कालव्यातून जमिनीखालनं झिरपत आलं असावं, म्हणाली.

"अगं, पण पळताहेत ना!" मी ओरडलेच. "खातात, पिल्लं घालतात. दिसत नाही तुला?"

"बाहेरून नाही कळत, आत्या. पळणारा मासाही आतून बिघडलेला असतो. पिल्लांतही उतरू शकतं ते."

"आणि माणसांत?"

"माशांवरून ते मला नाही सांगता येणार. भुवनाला उद्याच डॉक्टरकडे ने. आणि हे पाणी आजपासून बंद कर."

मासे कुठं सोडू, असं तिनं विचारलं. दुसरं पाणी होतंच कुठं? विहिरीतच सोडले. माहेरी आल्यासारखे सुळकन खाली गेले. अय्यो रामा, मला ते बघवेना. मुकी जनावरं ती, त्यांच्या जिवावर आम्ही निर्धास्त राहिलो.

मागं वळले तर भुवना पायरीवर बसली होती. सगळं ऐकलं होतं तिनं. हातात अर्धा पेला पाणी होतं. मी तो हिसकावून घेतला आणि पाणी ओतून दिलं. आता ही भांडेल, दोन शब्द सुनावेल असं वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. बांगड्या वाजल्या, तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतलं बाळ लाथा मारत होतं, चांगल्या जोरात.

"हलतंय बघ, अम्मा," ती म्हणाली. "हलतंय म्हणजे ठीक आहे ना?"

एवढी तोंडाळ बाई मी, पण मला "हो" म्हणवेना.