आखरावरचा थर्मामीटर

हसायचे असेल तर आधीच हसून घ्या, मित्रांनो. मी गुरांचा ताप मोजणारा थर्मामीटर आहे. माणसांचा थर्मामीटर जिभेखाली बसतो. माझी जागा शेपटीखाली. माझ्या एका टोकाला दोरी आणि चिमटा असतो. मी पडून फुटू नये म्हणून डॉक्टर तो चिमटा शेपटीच्या केसांना लावतात. आता माझ्या काचेवरचे आकडे पुसट झाले आहेत, पण माझी मान अजून ताठ आहे. ती का, तेच सांगतो.

कुठल्याशा कारखान्यात तापलेल्या काचेतून माझी नळी ओढली गेली आणि तिच्यात पारा भरला गेला. कापसात गुंडाळून मला रेल्वेने गोंदियाला आणले, तिथून बसने देवरीच्या गुरांच्या दवाखान्यात. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षे झाली होती. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच मोडत असे. दवाखान्याचे डॉक्टर ईश्वरदास सायकलवरून गावोगाव फिरत, आणि मी त्यांच्या खिशात.

सुरुवातीला माझे फारसे कौतुक झाले नाही. लोक म्हणत, "गुराचा ताप पाहून काय करता? औषध देऊन मोकळे व्हा ना!" कित्येक दिवस मी डबीतच पडून असे. सुईला मान होता, बाटल्यांना मान होता. मला कोण विचारतो?

मग एका उन्हाळ्यात देवरीजवळच्या एका गावात खेमराज नावाच्या शेतकऱ्याची गाय मेली. संध्याकाळी चरून आली, सकाळी गोठ्यात आडवी. नाकातून काळपट रक्त वाहत होते. खेमराजने उघड्या हातांनीच तिला ओढून बाहेर काढले. त्याच्या हातावर काट्याचा ओरखडा होता. चार-पाच दिवसांत तिथे एक पुळी उठली. दुखत नव्हती, पण मधोमध कोळशासारखी काळी पडली. तोवर गावात आणखी दोन गुरे दगावली होती.

डॉक्टर आले. त्यांनी नव्याने मेलेल्या गुराच्या कानातून थेंबभर रक्त काचेवर घेतले आणि देवरीला जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तो फाशी, म्हणजेच काळपुळी (अँथ्रॅक्स) नावाचा रोग होता. त्याचे जंतू मेलेल्या गुराच्या रक्तातून माणसाच्या अंगात शिरतात. डॉक्टरांनी खेमराजला पहिल्या बसने गोंदियाच्या दवाखान्यात पाठवले. मेलेली गुरे न कापता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला लावली. तलावाखालच्या कुरणात पूर्वी मेलेली गुरे टाकत असत, त्या मातीत जंतू टिकून राहतात म्हणून ते कुरण बंद केले.

"आता रोज सकाळी चरायला सोडण्याआधी प्रत्येक गुराचा ताप पाहायचा," डॉक्टर म्हणाले. "हा रोग आधी ताप देतो. जनावर खात-पीत असते, तरी आतून तापलेले असते. तेव्हाच सापडले तर वाचते."

मित्रांनो, माझी वेळ आली होती! पण गाव कुठे ऐकत होते? गावचे पाटील भैयाजी यांनी तर बैल गाडीला जुंपले. रोग सरेपर्यंत गुरे सासुरवाडीला नेऊन ठेवायची, असा त्यांचा बेत होता. त्यांचे पाहून आणखी चार घरे निघाली. गुरे गावोगाव पांगली असती, तर रोगही पांगला असता.

गाडी आखरावर आली. आखर म्हणजे सकाळी गावची सारी गुरे जमतात ती मोकळी जागा. तिथे खेमराजची बायको मनकर्णाबाई गाडीसमोर उभी राहिली.

"पाटील, माहा माणूस गोंदियाले पडून आहे. जगते का मरते, मले माईत नाई. आता तुमच्या सासुरवाडीचाई माणूस पाडता का?"

"माहे बैल धडधाकट आहेत, बाई," भैयाजी तडकले. "हा पांढऱ्या तर सकाळपासून चारा खाऊन रायला. त्याले कायले ती काच लावता?"

"काई झालं नाई, मंग पाहू द्याले काऊन भेता?"

लोक हसले. भैयाजींनी रागाने कासरा खाली टाकला. "पाहा! काय पाहाचं ते पाहा!"

डॉक्टरांनी मला झटकून पारा खाली आणला. पांढऱ्याने कान हलवला, रवंथ चालूच ठेवले. पण मला आत जाताच कळले. पारा नुसता वर चढला नाही, तो पळाला! एकशे एक ओलांडले, एकशे तीन ओलांडले आणि थेट एकशे सहावर जाऊन थांबला.

डॉक्टरांनी मला पुसून भैयाजींच्या डोळ्यांसमोर धरले. "निरोगी बैलाचा पारा इथे, एकशे एक-दोनवर थांबतो. तुमच्या बैलाचा कुठे आहे, तुम्हीच पाहा."

भैयाजींनी वाकून दोन्ही आकडे पाहिले. मग त्यांनी आपल्या हातांनी जू उतरवले.

पांढऱ्याला वेगळे बांधून पेनिसिलीन टोचले. दुपारी तो खाली बसला, चारा सोडला. लोक कुजबुजू लागले, "सुईनंच मारला बैल." डॉक्टर तिथून हलले नाहीत. मनकर्णाबाईने त्यांना तिथेच भाकर आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सारे गाव गोठ्यापुढे जमले. मी बाहेर आलो तेव्हा पारा एकशे तीनवर होता. डॉक्टर काही बोलायच्या आत पांढऱ्या धडपडत उठला आणि भैयाजींच्या हातातल्या गवताला त्याने तोंड लावले.

"उठला रे! उठला!" भैयाजी लहान पोरासारखे ओरडले.

त्यानंतर आखरावर रोज माझ्यासाठी रांग लागू लागली. डॉक्टर मला प्रत्येक वेळी औषधाच्या पाण्यात धुवत. आणखी दोन तापलेल्या गाई सापडल्या, दोन्ही वाचल्या. शेवटी एक सकाळ अशी आली, की पहिल्या गुरापासून शेवटच्यापर्यंत पारा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. त्यानंतरही तो चढला नाही, तेव्हा साऱ्या गुरांना लस टोचली.

त्याच आठवड्यात खेमराज बसमधून उतरला. हातावर व्रण होता, पण चाल पहिल्यासारखीच. मनकर्णाबाई त्याला म्हणाली, "आधी आखरावर चल. गुरं कशी उभी आहेत ते पाह्य!" त्याने एकेका गुराच्या पाठीवरून हात फिरवला. गुरे राखणाऱ्या गायकीने हाक दिली, आणि सारा कळप धूळ उडवत रानाकडे निघाला.

तेवढ्यात भैयाजींची गाडी आली. पांढऱ्या जुंपलेला होता.

"चला डाक्टरसाहेब, सासुरवाडीले जाऊ! पाऊस लागाच्या आत तिथल्याई गुराईचा ताप पाहाचा आहे. अन् ते काच घ्या बरं संगं!"

त्या वर्षी पाटलाच्या गाडीत बसून मी कितीतरी गावे हिंडलो. कुठेही कोणी विचारले नाही, की गुराचा ताप पाहून काय करता?

मित्रांनो, तुमच्या गोठ्यातले जनावर अचानक मेले तर त्याला उघड्या हातांनी शिवू नका, कापू नका. आधी गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. धडधाकट दिसणाऱ्या गुरांचाही ताप पाहू द्या. आणि माझ्यासारखा एखादा तुमच्या हाती आला, तर वापरून झाल्यावर त्याला स्वच्छ धुवा आणि जपून डबीत ठेवा. आम्ही काचेचे आहोत, एका हिसक्याने फुटतो. पण त्या उन्हाळ्यात अख्खे गाव माझ्या पाऱ्याकडे पाहून आपली गुरे रानात सोडत होते!