पालथ्या होडीखाली

येलका गेल्यानंतर चार वर्षं आमच्या क्लबातून एकही शिडाची होडी पाण्यात उतरली नाही. होड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होत्या. मी क्लबची चिटणीस. महिन्यातून एकदा कुलूप उघडायचं, उंदीर शिरलेत का बघायचं आणि परत लावायचं, एवढंच काम उरलं होतं.

येलका नेव्हेनची मुलगी, बारा वर्षांची. नेव्हेन धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तिला होडी शिकवायची ती तोन्का. ऑक्टोबरातल्या एका दुपारी डोंगरावरून वारा एकाएकी कोसळला आणि पाचही होड्या आडव्या झाल्या. चार पोरं तोन्कानं आपल्या मोटरबोटीत ओढून घेतली. पाचवी होडी पार पालथी झाली होती आणि येलका तिच्याखाली होती. चौकशीत तोन्काचा दोष निघाला नाही. तरी तिनं शिकवणं सोडलं आणि पोस्टात नोकरी धरली. पोस्टात काही काम निघालं की नेव्हेन बायकोला पाठवायचा.

यंदा मार्चमध्ये शाळेनं विचारणा केली, मुलांना शिकायचंय, क्लब उघडणार का? बैठक बसली. जुन्या होड्यांत कुणी आपलं पोर बसवणार नाही, हे सगळ्यांना कबूल होतं. नव्या घ्यायच्या तर कोणत्या, हे मात्र कुणाला सांगता येईना. जाणणारं माणूस गावात एकच होतं आणि त्याचं नाव कुणी घेईना. एरवी बैठकीला न फिरकणारा नेव्हेन त्या दिवशी दाराशी उभा होता. तो म्हणाला, "तोन्काला विचारा." मग जरा थांबून, "राहू दे. मीच विचारतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर पोस्टात गेले. दोन म्हाताऱ्यांच्या मागे तो रांगेत उभा राहिला. त्याला बघून तोन्काचा शिक्का मारता हात तसाच थांबला.

"क्लबला होड्या घ्यायच्यात," तो म्हणाला. "कुठल्या, ते तू सांग."

"मी?"

"मग काय पोस्टमास्तर सांगणार?"

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. म्हणाली, हलक्या, वेगवान होड्यांचा मोह सगळ्यांनाच पडतो. पण शिकणारं पोर दिवसातून दहा वेळा धक्क्याला धडकतं, आणि पातळ कवचाला बारीक तडा गेला की पाणी आत मुरत राहतं, कळतही नाही. नवशिक्यांना जाड प्लास्टिकची, रुंद, जड होडी हवी. हळू चालली तर चालू दे. शिडाखालची आडवी दांडी डोक्याच्या बरीच वर हवी, म्हणजे फिरली तरी लागत नाही. आणि डोलकाठीच्या टोकाला हवेचा फुगा हवाच, म्हणजे होडी कलंडली तरी आडवीच राहते, पालथी होत नाही.

"हे तुला तेव्हाही माहीत होतं?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"होतं," ती म्हणाली. "त्या जुन्या होड्या फुकट मिळत होत्या. मी हो म्हटलं."

एप्रिलमध्ये एक विक्रेता नमुन्याची होडी घेऊन फेरीबोटीनं आला. नेव्हेननं ती धक्क्याच्या दगडांवरून ओढली, हातोड्याच्या दांड्यानं ठोकली. ओरखडे उठले, तडा गेला नाही. मग तोन्का तिच्यात बसली. चार वर्षांनी पहिल्यांदा. खोल पाण्यात जाऊन तिनं होडी मुद्दाम कलंडवली. फुग्यानं डोलकाठी वर धरली. नेव्हेननं मोठ्यानं शंभरपर्यंत आकडे मोजले. होडी आडवीच होती.

"आता फुगा काढा," तो म्हणाला.

असं कुणी करत नाही, असं विक्रेता सांगू लागला. तोन्कानं होडी काठाशी आणली, फुगा सोडला, पुन्हा खोल पाण्यात नेऊन कलंडवली. या वेळी ती सावकाश पालथी झाली. नेव्हेन अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला, पोहत गेला आणि होडीखाली शिरला. बराच वेळ तो वर येईना. तेव्हा तोन्कानं बुडी मारली.

आत काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. आत हिरवट उजेड होता आणि डोकं वर राहील इतकी हवा होती. नेव्हेन बाक धरून श्वास घेत होता.

"तिच्या होडीत एवढी हवा होती?"

"नव्हती. चार बोटंसुद्धा नव्हती."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं. त्या होड्या मीच घेतल्या होत्या, नेव्हेन."

तो बाहेर आला, पायऱ्यांवर बसून त्यानं बुटांतलं पाणी ओतलं आणि मला म्हणाला, "ह्याच घ्या." मग ओल्या कपड्यांनीच घरी गेला.

जूनमध्ये सहा होड्या आल्या. अकरा मुलांनी नावं घातली. शिकवायला दुसरं कोण होतं? तोन्कानं पोस्टातून दुपारची सुट्टी मागून घेतली. तिच्या मोटरबोटीचं इंजिन नेव्हेननं उघडून साफ करून दिलं, पण ते न्यायला तिला बोलावलं नाही, माझ्या हाती दिलं. मी त्याला म्हटलं, एकदा बोल तिच्याशी. तो म्हणाला, "पोरं तिच्या हाती सुखरूप आहेत, हे मी कुणालाही सांगेन. पण मला तिच्याकडे बघवत नाही. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं."

सप्टेंबरात त्यानं धक्क्यावरचं काम सोडलं. बायकोचा भाऊ पलीकडच्या किनाऱ्यावर राहतो, तिकडे जायचं ठरलं. दुपारच्या फेरीबोटीनं ते निघाले, तेव्हा तोन्का अकराही मुलांना घेऊन खाडीत होती. फेरीबोटीचा भोंगा वाजला तशी ती आपल्या मोटरबोटीत उभी राहिली. नेव्हेन मागच्या कठड्याशी होता. त्याचं तोंड गावाकडे होतं, तिच्याकडे नव्हतं. वारा वाढत होता, एक होडी भरकटू लागली होती, आणि तोन्का तिच्या मागे गेली.