वकिलाची राजकीय हत्या

लताबाई एकलहऱ्याच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. तरी गावात कुणाचा शब्द अडला की पावलं त्यांच्याच ओट्याकडे वळत. त्या सकाळी धनराज आला तोच रडवेला.

"बाई, आपल्या वकिलाला मारलं हो!"

वकील म्हणजे धनराजचा कोंबडा. धनराज ग्रामपंचायतीला उभा होता. त्याच्या विरोधातला गोरक्ष भाषणाला उठला की हा पठ्ठ्या भिंतीवर चढून बांग द्यायचा आणि सभा हशात बुडायची. आता खुराड्यामागे नुसती पिसं सापडली होती.

"रिक्षावर भोंगा लावून गावाला सांगणारे. 'वध' म्हणू का? भारदस्त वाटतं."

"वध राक्षसाचा होतो. म्हणजे मारणारा गोरक्ष देव ठरेल."

"नको नको! मग खून?"

"खून रागात होतो, लोभापायी होतो. राजकारणापायी जीव घेतला, तर ती राजकीय हत्या."

हा शब्द धनराजला इतका आवडला की डोळे पुसायचंही राहून गेलं. थोड्याच वेळात भोंगा गल्लोगल्ली 'राजकीय हत्या' म्हणून ओरडू लागला. बाईंना मनातून जरा अभिमानच वाटला.

दुपारी गोरक्ष स्वतःच वकिलासाठी हार घेऊन धनराजच्या दारात हजर. "आईच्यान सांगतो, मी माळकरी माणूस. अंड्यालासुद्धा शिवत नाय!"

दारात ही गर्दी. धनराजची बायको मोहिनी मात्र चुलीपाशी भाकरी थापत बसलेली. भोंगा ऐकून आलेल्या लताबाई आत गेल्या.

"काय गं, तुला वाईट नाही वाटलं?"

"बाई, काल ह्यांनी प्रचाराची सगळी पोरं जेवायला आणली. म्हणाले, झणझणीत रस्सा कर. घरात होतं काय? सकाळपासून सांगतेय, पण भोंग्यापुढं ऐकतंय कोण! स्वतः दोनदा मागून घेतला."

बाईंनी बाहेर येऊन धनराजच्या कानात सांगितलं. त्याचा हात आपसूक पोटावर गेला.

"अरे देवा! मग भोंग्यावर खोटंच बोललो की मी!"

"खोटं कसलं? जीव राजकारणापायीच गेला ना? शब्द अगदी बरोबर आहे."

धनराजनं रिक्षावाल्याला भोंगा बंद करायची खूण केली आणि कसनुसं हसत गोरक्षच्या हातातला हार घेतला.

"बसा अण्णा, चहा टाकायला सांगतो."

लताबाईंनी तोंडाला पदर लावला आणि घर गाठलं. लोकांना वाटलं, बाईंना रडू आवरेना.