पोटावरचा नंबर

मी एका जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बोलतोय. बिस्किटाएवढा, चौकोनी, पोटाला सोनेरी मुलाम्याचे तीनशेच्या आसपास पाय. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा वेग होता पंच्याहत्तर मेगाहर्ट्झ. तसा नंबर माझ्या पाठीवरही होता आणि पोटावरही.

वाटेत कुण्या व्यापाऱ्यानं माझी पाठ घासली, वर 'शंभर' छापलं आणि पोटावरच्या नंबरावर गॅरंटीचं सील चिकटवलं. तोंड असतं तर बोंब ठोकली असती! शहाण्णव साली शरच्चंद्र सरांनी मला विकत घेतलं, कामठीत कॉम्प्युटर क्लास काढला आणि पाटीवर ऐटीत लिहिलं, 'वेग शंभर'. मग काय, इज्जतीचा प्रश्न होता. खरे शंभरवाले पळत तेवढाच मी अकरा वर्षं पळालो. मे महिन्यात अंग भाजून निघायचं, पण एकदाही दगा दिला नाही. हे सांगताना मी मुळीच लाजणार नाही.

आता सर सत्तरीचे आहेत, नागपुरात राहतात आणि जुने प्रोसेसर जमवतात. त्यांच्या पहिल्या बॅचची आणि पुढे क्लासमध्येच शिकवणारी मेघा दर रविवारी येऊन त्यांची यादी करते. देशोदेशीचे संग्राहक ही यादी प्रमाण मानतात, म्हणून नियम कडक. भिंगातून दिसेल तेच लिहायचं, आठवणीतलं नाही.

माझी पाळी आली. मेघा नखानं सील खरवडू लागली.

"काहून काढून राहिली वं ते? गॅरंटी जाईन ना!" सर ओरडले.

"तीस वर्षं झाले जी सर. त्या दुकानात आता चष्मे भेटतात."

माणसांचं हे असंच. टीव्ही भंगारात जातो, तरी रिमोटवरची पन्नी निघत नाही.

सील निघालं. मेघानं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. "सर, पंच्याहत्तर आहे."

सरांनी तिच्या हातचं भिंग घेऊन स्वतः वाचलं. "म्हणजे साऱ्या पोरायले मी खोटं सांगतलं?"

"तुमाले कुठं माहीत होतं? 'नंबर वाचता येत नाही' असं लिहून टाकते. कोनाले समजते?"

माझा जीव टांगणीला लागला. इतक्या वर्षांनी खरी ओळख मिळणार होती, पण ती माझ्याच माणसाच्या अब्रूवर बेतली होती.

सरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "नाही. पंच्याहत्तरच लिही. मी फसलो, त्यात काय लपवाचं? आन् शेऱ्यात लिही, अकरा वर्षं शंभरानं पळाला."

"आठवणीतलं लिहाचं नाही ना सर. पुरावा काय?"

"तू होती ना वं त्याच्यासमोर बसून!"

मेघा हसली. तिनं शेरा लिहिला आणि खाली साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं.

हल्ली मी सरांच्या काचेच्या कपाटात पोट वर करून उताणा असतो. पाहुणे विचारतात, हा उलटा का? सर कुणाला सुलटा करू देत नाहीत. तुम्हीही कधी आलात तर माझी पाठ नका पाहू, पोट वाचा. छापलंय पंच्याहत्तर, पळालो शंभरानं. खऱ्या शंभरवाल्यांत असं सांगणारा एक तरी दाखवा!