गुडघ्याने उजेड पाहिला

मी माणिकबाईंचा उजवा गुडघा बोलतोय. जन्माचा नव्हे, अमरावतीत डॉक्टर जेबांनी बसवलेला, धातूचा. माझ्या जातीने कायम अंधारात राहायचं असतं. मी मात्र उजेड पाहिला, आणि त्याची धडकी अजून गेलेली नाही.

टाके निघाले तेव्हा माणिकबाई खूश होत्या. नांदगाव खंडेश्वरला जाऊन त्यांना स्वतःच्या पायांनी तुरीच्या वावरात फिरायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं, "जखम ओली दिसली तर त्याच दिवशी या. घरचं काही लावू नका."

चौथ्या दिवशी पट्टी ओली झाली. नेमक्या अचलपूरहून नणंद सत्यभामाबाई भेटीला आलेल्या.

"वयनी, बिब्ब्याचं तेल लावून देतो. दोन दिसात सुकते."

"लावा. पन सूनबाईले सांगू नका, ते लगेच दवाखान्यात नेते."

सत्यभामाबाईंनी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि कातडी जाळणारं ऊन तेल थेट जखमेवर सोडलं. ऑपरेशननंतर कातडी बधिर होती, त्यामुळे माणिकबाईंनी हूं की चूं केलं नाही. मी आतून ओरडत होतो, पण गुडघ्याचं कोण ऐकतं?

आठ दिवसांत कातडी काळी पडली. वास आला तेव्हा संध्याने, म्हणजे सुनेने, पट्टी सोडली आणि तशीच गाडी बोलावली.

डॉक्टरांनी चिमट्याने काळं कातडं उचललं मात्र, आणि उजेड! ट्यूबलाइट, छत, चार माणसांचे पांढरेफटक चेहरे. मी उघडा पडलो होतो. त्यांत सोबत आलेल्या सत्यभामाबाईही होत्या.

"जंतू खोल गेले असतील तर सांधाच काढावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग मी चालन का?" माणिकबाईंनी विचारलं.

"बिब्बा मीच लावला," सत्यभामाबाई रडत म्हणाल्या. "मायं कातडं काढून लावा, पन तिचा पाय ठेवा."

"दुसऱ्याचं कातडं टिकत नाही, बाई."

मला धुतलं, माझी प्लास्टिकची चकती बदलली. पोटरीचा स्नायू वळवून माझ्यावर पांघरला, त्यावर मांडीची कातडी लावली. पुन्हा अंधार झाला. किती हायसं वाटलं!

सहा महिने झाले. माणिकबाई काठी घेऊन बांधापर्यंत जातात. वावरात अजून नाही. माझं एकच मागणं आहे: ओली पट्टी लपवू नका. ते छत मला पुन्हा पाहायचं नाही.

सत्यभामाबाई अजूनही येतात. चष्मा लावून व्रण न्याहाळतात, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"दुरूनच पाह्यतो, वयनी," म्हणतात.