खिशातलं भाषण

आजीने चाळीस वर्षं लाँड्रीत लोकांचे खिसे उलटे केले. कपडा पाण्यात पडायच्या आधी खिसा बघायचा, हा तिथला पहिला नियम. किल्ल्या, तिकिटं, एकदा तर कुणाची कवळी; तिच्या हातून काही सुटलं नाही. आणि आज नातीच्या लग्नाला निघताना तिने काल धुतलेल्या जाकिटाच्या खिशात हात घातला, तर कागदाचा वाळून कडक झालेला गोळा! मुलाने लिहून दिलेलं भाषण होतं ते. स्वतःचा खिसा बघायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

"पाठ आहे ना?" हॉलच्या दारात मुलगा कुजबुजला.

"आहे की," ती म्हणाली. शुद्ध थाप. तिला एकच ओळ आठवत होती: पन्नास वर्षांच्या संसारात आमचं कधी भांडण झालं नाही. तसं ते खोटंही नव्हतं. म्हातारा बोलायचा, ती ऐकायची. भांडण होणार कुठून?

सकाळपासून ती उभी होती. नवरीच्या कपड्यांवर शेवटची इस्त्री तिनेच फिरवली, पाहुण्यांचे कोट तिनेच टांगले. गुडघे बोंबलत होते. आता भाषणही उभं राहूनच करायचं म्हणे. म्हातारा मात्र पहिल्या रांगेत ऐसपैस बसला होता.

परवा नात गळ्यात पडून म्हणाली होती, "आजी, बाबांनी लिहिलेलं वाचू नकोस हं. मला उपयोगी पडेल असं एक तरी सांग." ते आजीच्या जिवाला लागून राहिलं होतं. उपयोगी पडेल असं तिच्याजवळ एकच होतं, आणि ते चारचौघांत म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगावं लागणार होतं.

आजीला भाषणासाठी पुढे बोलावलं, तसे सगळ्यांनी सरबताचे ग्लास उचलले.

"पोरी," ती म्हणाली, "आमचं कधी भांडण झालं नाही. कारण मी कधी काही बोललेच नाही. लाँड्रीत दिवसभर उभी, घरी आले की ओट्याशी उभी. वाटायचं, यांना दिसेल. दिसत नसतं गं! दमलीस की सांगत जा. पहिल्या दिवसापासून सांग. मला तेवढं म्हणायला पन्नास वर्षं लागली." तिने सरळ म्हाताऱ्याकडे पाहिलं. "मी दमले."

मुलाने कपाळाला हात लावला. म्हातारा उठला. आता हा काय बोलतो म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. त्याने आपली खुर्ची खरखर ओढत आणली आणि तिच्या मागे ठेवली.

"मग आधी सांगायचं नाही का?" तो म्हणाला. खरोखरच गोंधळला होता बिचारा.

आजी बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. खुर्ची जेमतेम चार पावलांवर होती.