एका पेडावर चौदा मुलं

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. घायपाताचा, तीन पेडांचा, मनगटाएवढा जाड. आता कोठीच्या कोपऱ्यात पडून असतो. पण नऊ वर्षं मी माया लोकांच्या एका फार पुरातन देवळावर, पायऱ्यांवरून खाली सोडलेला होतो. पायऱ्या अरुंद, आणि इतक्या उभ्या की पुढच्याच्या टाचा मागच्याच्या नाकाला लागाव्यात. कठडा नाही. आधार काय तो माझाच.

मला वळलं नासारिओ त्सुक यांनी. युकातानातल्या आपल्या गावी ते पानं खरवडून वाख, म्हणजे आतले धागे, काढायचे, तो उन्हात वाळवायचे आणि एक टोक झाडाला बांधून, मागे मागे चालत पीळ भरायचे. देऊळ तिथून दोन तासांवर, पण ते कधी गेले नव्हते. "त्या पायऱ्या आपल्याच पूर्वजांनी घातल्यात म्हणे. मग त्या काय पळून जाताहेत?" असं म्हणून ते पुढचा वाख उचलायचे.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची गेली. हजारो हातांनी मला धरलं. एका जाड्या पाहुण्याने तर खाली सुखरूप पोचल्यावर माझा मुका घेतला! देवळाची राखणदार एर्मेलिंदा दर सोमवारी माझ्यावरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवायची. पुढे गर्दी वाढली, फाटकावर ती एकटी पडली, आणि सोमवार चुकू लागले. मग बंदच झाले.

वरून सातव्या पायरीच्या धारेवर मी घासत होतो. खालच्या बाजूने, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. आधी एक पेड तुटला. वर्षभराने दुसरा. मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो.

जूनमधल्या एका दुपारी ओफेलिया नावाची शिक्षिका चौदा मुलं घेऊन आली. बरोबर तिचे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा होते. हातांवरून मी लगेच ओळखलं. नासारिओच ते!

मुलं हलकी. मला नुसती बोटं लावत ती वर पळाली. आजोबा सगळ्यांच्या मागून एकेक पायरी चढत होते.

"आजोबा, खाली बसा म्हटलं होतं ना मी?" ओफेलिया वरून ओरडली.

"खालून दिसतं काय? तुमच्या चपला!"

मुलं खिदळली. सातव्या पायरीवर मात्र आजोबांचा हात थांबला. बोटं माझ्या खालच्या बाजूला गेली, तुटलेल्या पेडांवरून फिरली. त्यांनी मला हळूच सोडलं आणि उरलेल्या पायऱ्या ते रांगत चढले.

तेवढ्यात ढग गडगडले. समुद्राकडून काळंकुट्ट आभाळ धावत आलं. आजूबाजूच्या जंगलात त्या देवळाहून उंच काहीच नव्हतं. खालून एर्मेलिंदा ओरडली, "बाई, मुलांना उतरवा! इथे वीज पडते! सगळ्यांनी दोर धरा आणि भराभर या!"

मुलं माझ्याकडे धावली. आजोबा दोन्ही हात पसरून आडवे आले.

"दोराला कुणी हात लावायचा नाही!"

"अहो आजोबा, वीज..."

"एकच पेड उरलाय, पोरी. सगळे लटकले की गेला. माझ्या हातचा आहे तो, मला सांगू नकोस."

टपोरे थेंब पडू लागले होते. ओल्या दगडावरून आधाराशिवाय उतरणं म्हणजे कपाळमोक्ष. ओफेलियाने आभाळाकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

"किती वेळ लागेल?"

"बोलत बसलीस तर जास्त."

तिने मुलांना माथ्यावरच्या गाभाऱ्यात कोंबलं. आजोबांनी माझ्या वरच्या टोकाचा जास्तीचा वेढा चाकूने कापला, त्याचे पेड मोकळे केले आणि सातव्या पायरीवर बसून ते माझ्यात विणायला घेतले. ओफेलियाने मागून त्यांचा पट्टा घट्ट धरला होता. ज्या बोटांना सदऱ्याची बटणं लागत नव्हती, ती बोटं माझ्यात सुईसारखी शिरत होती. जवळच्याच झाडावर वीज कोसळली. आत मुलं रडू लागली. आजोबांनी मान वर केली नाही.

वर काय चाललंय ते कळताच एर्मेलिंदा मला न धरता, चार पायांवर, अर्ध्या वाटेपर्यंत चढून आली आणि मुलांना झेलायला बसली.

"आता एकेक सोड," आजोबा म्हणाले.

एक. दोन. तीन. प्रत्येक वेळी सांधा करकरायचा आणि माझा जीव त्या सातव्या पायरीपाशी गोळा व्हायचा. नववी होती इदालिया. तिचा पाय सटकला आणि तिचा सगळा भार एका हिसक्यात माझ्यावर आला. सांधा आवळला गेला... आणि धरून राहिला. एर्मेलिंदाने तिला कवेत घेतलं.

सगळ्यात शेवटी आजोबा बसत बसत उतरले.

खाली एर्मेलिंदा रडत म्हणाली, "काका, कचेरीला तीनदा कळवलं हो मी, नवा दोर द्या म्हणून."

"ते राहू दे. तू स्वतः शेवटचा हात कधी फिरवलास?"

दुसऱ्या दिवशी एर्मेलिंदाने पायऱ्या बंद केल्या आणि मला स्वतः उतरवलं. महिन्याभराने नायलॉनचा पिवळाधमक दोर आला. मला त्याचा हेवा नाही. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी ती त्याच्यावरून उघडा तळवा फिरवते. खोळंबलेले पाहुणे कुरकुरतात. फाटकाजवळच्या या कोठीत ती कुरकुर कानावर आली की मला बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत जिन्याचा कठडा असेल, झोपाळ्याची साखळी असेल. कुणीतरी बघत असेल, असं धरून चालू नका. स्वतः हात लावून बघा, खराब वाटलं तर मोठ्यांना सांगा, ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. आणि बघाल तेव्हा खालच्या बाजूनेही बघा. वरून आम्ही नेहमी धडधाकटच दिसतो.